गुरांची डॉक्टरीण

अक्षदाला आमच्या गावात खोली मिळवून दिली ती मीच. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बेंबळी रस्त्याला लागून असलेल्या ज्या घरात खाली मी राहते, त्याच्या माडीवरच्या दोन खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. घरमालकाला मी एवढंच सांगितलं होतं की जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर येतायत. स्कूटीवरून उतरलेली ठेंगणी, सावळी मुलगी बघून तो म्हणाला, "आणि डॉक्टर कुठंयत?"

"मीच की," असं म्हणून ती बॅग उचलून जिना चढून गेली.

ती येडशीकडच्या माळावरची, धनगराच्या घरची. वडील धनाजी आणि आई नागूबाई मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असायचे. ती आजोळी राहून शिकली. मुलीला डॉक्टर करावं असं वडलांच्या कधी डोक्यातही नव्हतं. मेंढरांना पाजायच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचणारं कुणीतरी घरात असावं, एवढंच त्यांना वाटायचं. "वाचता वाचता पोरगी लई लांब गेली," असं ते मला एकदा म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हसण्यानं हलल्या. उदगीरच्या कॉलेजातून ती शिकून बाहेर पडली, परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागली आणि आमच्या गावी आली. लग्न केलं नव्हतं. स्थळं यायची, पण गोठ्यातून घरी येणारी सून कुणाला नको होती आणि गोठा सोडायचा तिचा विचार नव्हता.

सुरुवातीला गावानं तिला जरा जोखलं. हिंमतरावांच्या गाईचं वासरू पोटात आडवं आलं तेव्हा मात्र सगळं बदललं. हिंमतराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, आवाज मोठा, स्वभाव तापट. "बाईमाणसाला झेपायचं न्हाय हे," असं ते तिच्या तोंडावर म्हणाले. अक्षदानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि बराच वेळ गाईच्या पाठीला गाल टेकून, डोळे मिटून उभी राहिली. नुसत्या बोटांनी वासराचा पाय शोधत होती. वासरू जिवंत बाहेर आलं. त्या दिवसापासून हिंमतराव ज्याला त्याला सांगत सुटले, "पोरीच्या हाताला गुण हाय."

ती घरी यायची तेव्हा अंगाला शेणाचा, औषधाचा वास असायचा. जिन्यात उभी राहूनच मला दिवसभराचं सांगायची, कोणत्या म्हशीनं लाथ मारली, कुणाची शेळी पिशवी गिळून बसली. हसायची खूप. ती हसली की मला खालच्या खोलीत ऐकू यायचं.

मग लंपी आली.

त्या वर्षी गावात गाईबैलांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या. ताप, सुजलेले पाय, डोळ्यांतून पाणी. जनावर उभं राहीना, वैरणीला तोंड लावीना. एका डॉक्टरकडं आसपासची किती गावं असतात ते मला तेव्हा कळलं. अक्षदा सकाळी निघायची ती अंधार पडल्यावर यायची. लस आली तर लोकांत उठलं की लशीमुळंच जनावर आजारी पडतं. काहींनी तिला बघून गोठ्याची दारं लावून घेतली. घरचे पाले लावून, कुणाकुणाकडून उतारे करून घेऊन, जनावर आडवं झालं की मग तिला फोन यायचा. ती जायची तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

मेलेल्या जनावरासाठी गावाबाहेर जेसीबीनं खड्डा खणायचे. मीठ टाकायचे, चुना टाकायचे. पंचनाम्याला तिला हजर राहावं लागायचं. त्यात वासरं जास्त. एकदा मी शाळेतून येताना तिला त्या खड्ड्याच्या कडेला उभी असलेली पाहिली. तोंडाला रुमाल, पायात गमबूट. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं बघितलं, पण ओळख पटायला तिला जरा वेळ लागला.

त्या दिवसांत एका घरी तिचा लई अपमान झाला. बैल तापला होता, अजून उभा होता, औषधानं वाचला असता. ती दारात पोचली तर घरातली म्हातारी आडवा हात धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमी नका येऊ आत. तुमी ज्या गोठ्यात जाता, तिथलं जनावर जातंय." अक्षदा स्कूटी वळवून परत आली. त्या संध्याकाळी जिन्यात बसून तिनं मला हे सांगितलं, अगदी सपाट आवाजात, बाजारभाव सांगावा तसं.

"तुला राग नाही आला?" मी विचारलं.

"त्यांचं खरंच आहे ना, अर्पिताताई. मी जाते तिथं मरतंच. त्यांनी ते मोजलंय, एवढंच."

साथ ओसरली. लोक सोयाबीनच्या राशीला लागले, नवीन जनावरं आणली, विसरले. अक्षदाचं हसणं मात्र परत आलं नाही. ती जेवण करून ठेवायची आणि न जेवता झोपायची. सुट्टी घे म्हटलं तर म्हणायची, "माझ्या जागी कोण येणार?" ते खरं होतं. कुणी येण्यासारखं नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात वीरप्पांच्या गाईचं झालं. वीरप्पा आणि प्रेमाबाई हे गावाच्या टोकाला राहणारं म्हातारं जोडपं. घरात एकच गाय, हरणी. प्रेमाबाईंनी तिला वासरापासून वाढवलेली. हरणीनं दोन दिवस खाल्लं नव्हतं, तोंडातून लाळ गळत होती. घशात काहीतरी अडकलं म्हणून प्रेमाबाईंनी स्वतः तिच्या तोंडात हात घालून बघितला होता. काही लागलं नाही, तेव्हा अक्षदाला बोलावलं.

अक्षदा त्या दिवशी आधीच दोन गावं करून आली होती. जनावराच्या तोंडात हात घालण्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात, हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. पण तिनं विचारले नाहीत. हातमोजा घालताना फाटला, दुसरा बॅगेत नव्हता, आणि तिनं उघड्या हातानं हरणीचा घसा चाचपला. तिथं काहीच नव्हतं. हात बाहेर काढताना गाय ओरडली. तो आवाज गाईचा नव्हता, घोगरा, फाटका होता. मग हरणी स्वतःच्याच दाव्याला कडाकडा चावायला लागली.

अक्षदा मागं सरली. म्हणाली, "कुत्रं चावलं होतं का हिला?"

वीरप्पा जरा आठवून म्हणाले, "मागं एकदा रानात एक कुत्रं अंगावर आलं व्हतं. नाकाला जरासं खरचटलं. म्या हळद लावली."

गाय पिसाळली होती. तिच्यावर इलाज नव्हता. अक्षदानं सगळ्यांना साबण लावून हात धुवायला लावले, पाणी ओतत राहिली. दूध कच्चं कुणी प्यालं का, असं विचारल्यावर प्रेमाबाईंनी नातीला जवळ ओढलं. धार काढताना नातीच्या तोंडात सरळ आचळातून दूध पिळायची त्यांची सवय होती. पोरगी यात्रेला आली होती आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत तेच पीत होती. त्याच दुपारी सगळे सरकारी दवाखान्यात गेले, सगळ्यांना सुया सुरू झाल्या, अक्षदालाही. कुणाला काही झालं नाही, हे आज लिहिता येतं. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

पण हरणी मरत नव्हती. कडुनिंबाला साखळीनं बांधलेली, पाण्याकडं बघून थरथरायची, डोकं खोडावर आपटायची. तिचं ओरडणं शाळेपर्यंत ऐकू येत होतं. पोरं कानांवर हात ठेवायची. शेवटी वीरप्पांनी अक्षदाला बोलावलं.

"मॅडम, सुई देऊन मोकळं करा तिला. बघवत न्हाय."

प्रेमाबाई घरातून ओरडल्या, "घरच्या गाईला मारायचं? कुणाच्या माथी बसणार हे पाप?"

"माझ्या," वीरप्पा म्हणाले.

अक्षदानं वरिष्ठांशी फोनवर बोलून घेतलं. कायद्यानं आणि शास्त्रानं दोन्हीकडून ते बरोबरच होतं. मी तिच्यासोबत गेले होते, अंगणाच्या बाहेर उभी होते. दोघा माणसांनी लांबून दोर ताणून हरणीला झाडाशी आवळलं. अक्षदानं आधी गुंगीचं औषध दिलं, ती खाली बसल्यावर पुढचं. गाय मान टाकेपर्यंत ती तिच्या बाजूला उकिडवी बसून राहिली. त्या अंगणात मग एकदम शांतता झाली. प्रेमाबाई बाहेर आल्या. अक्षदा उठून त्यांच्याकडं गेली, काहीतरी बोलणार होती. प्रेमाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "जावा आता तुमी माझ्या दारातनं." अक्षदा गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हिंमतरावांचा फोन आला. गाय अडली होती. तीच गाय, जिचं पहिलं वासरू अक्षदानं काढलं होतं. ती निघाली, त्यांच्या शेताच्या फाटकापाशी पोचली आणि तिथंच थांबली. हिंमतराव गोठ्यातून हाका मारत होते. तिनं मला नंतर सांगितलं की तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण पाय स्कूटीवरून खाली उतरेचनात. गाय कण्हत होती. अक्षदानं स्कूटी वळवली आणि निघून गेली.

दुसऱ्या गावाहून डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला. गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं. हिंमतराव आमच्या घरासमोर येऊन रस्त्यावरून ओरडले, "पगार कशाचा घेता? तक्रार करीन!" त्यांनी केलीही तक्रार. माडीवरचं दार उघडलं नाही.

मी वर गेले तेव्हा ती न्हाणीत बसून हात धूत होती. बोटांची कातडी सुरकुतली होती. मी नळ बंद केला.

"ताई, मला वाईट वाटत नाहीये," ती म्हणाली. "ते वासरू मेलं आणि मला काहीच वाटलं नाही. गायीच्या ओरडण्याचा मला नुसता कंटाळा आला. असं कुणी असतं का?"

मी तिला टॉवेल दिला. ती हात पुसत उठली, कोपऱ्यातली औषधांची बॅग आणली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"ही तुमच्याकडं ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

त्या बॅगेत काय असतं ते मला ठाऊक होतं. ती काय सांगत होती तेही कळलं. मी तिला जवळ घेतलं तर ती लाकडासारखी ताठ होती. मी तिला सरळच विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?" तिनं मान हलवली. हो म्हणून. मी तिच्यासमोरच तिच्या वडलांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिले.

धनाजी आले ते खांद्यावर घोंगडं टाकून, मेंढरं नागूबाईंच्या हवाली करून. लेकीच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.  मग म्हणाले, "आक्के, आपल्या कळपात रोग आला व्हता, आठवतंय का? तू ल्हान व्हतीस. निम्मा कळप गेला."

"आठवतंय, आबा."

"तुजी आय आठ दिवस रडली. म्या देवाला शिव्या घातल्या, माळावर जाऊन बोंबललो. भावकी आली, जेवाय घातलं, बसून राह्यली. तवा कुठं म्या पुन्हा काठी उचलली." ते थांबले. "तू तर शेकड्यानं मेलेली बघितलीस. तुज्याजवळ कोण बसलं?"

 जरा वेळानं तिच्या घशातून एक आवाज निघाला, आणि मग ती वडलांच्या घोंगड्यात तोंड खुपसून रडायला लागली. मला बरं वाटलं. मला वाटलं, आता ही सुटली.

तसं झालं नाही. रडणं थांबल्यावर ती पुन्हा तशीच गप्प झाली. सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं आम्ही तिला नेलं. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, बाई, आळस नव्हे, आणि याला वेळ लागेल. गोळ्या सुरू झाल्या. लांब रजा टाकून ती येडशीला आईवडलांकडं गेली. तिथं ती दिवस दिवस झोपायची. मेंढी व्यायला लागली की नागूबाई एकट्याच सगळं करायच्या, लेकीला हाक मारायच्या नाहीत. भावकीतले कुणी बोललेच, की एवढी शिकलेली पोर घरात असून उपयोग काय, तर नागूबाई त्यांना तिथंच गप्प करायच्या, "तिला दमू द्या की वो जरा."

गोळ्यांनी हळूहळू झोप सुधारली, जेवण सुधारलं. बॅग मी दवाखान्यात जमा करून टाकली होती. तिनं ती कधी मागितली नाही. रजा संपल्यावर तिनं अर्ज केला आणि तिला धाराशिवला कार्यालयात बसायचं काम मिळालं. आमच्या गावचा दवाखाना आता शेजारच्या डॉक्टरांकडं आहे, ते आठवड्यातून एकदा येतात. लोक अजून कुरकुरतात की चांगली डॉक्टरीण होती, नोकरी टाकून पळाली. वीरप्पांनी पुन्हा गाय घेतली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटायला धाराशिवला गेले. वजन जरा वाढलं होतं, चेहरा बरा दिसत होता. तिनं मला जेवायला नेलं. मी शाळेतल्या गमती सांगितल्या तर एकदा हसलीसुद्धा. मग आम्ही चालत बस स्टँडकडं निघालो. वाटेत रस्त्याच्या कडेला एक कालवड बसली होती. गाडीनं उडवलेली असावी, मागचा पाय वाकडा झाला होता. माणसं बाजूनं जात होती.

अक्षदा थांबली. जवळ गेली नाही. चार पावलांवरून तिनं त्या पायाकडं नीट बघितलं, मग फोन काढला आणि दवाखान्यात लावला. जागा सांगितली, कोणतं हाड मोडलंय ते सांगितलं, येताना काय काय आणा तेही सांगितलं.

"तुझी ओळख का नाही सांगितलीस?" मी विचारलं.

"कशाला, ताई."

माझी बस निघायची वेळ झाली होती. ती म्हणाली, "तुम्ही जा, माणूस येईपर्यंत मी थांबते इथं." मी वळून बघितलं तेव्हा ती एका दुकानाच्या सावलीला उभी होती, रस्त्याच्या या बाजूला, कालवडीकडं तोंड करून.