चोवीस तास पाणी नाही

माझी मुलगी मोहना सत्तावीस वर्षांची आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, चार वर्षं एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, आणि गेल्या मार्चमध्ये ती सोडून बडोद्यातल्या पार्किंगच्या फरशा आणि कारखान्यांची अंगणं यांवरचे तेलाचे डाग काढायचा व्यवसाय सुरू केला. काँक्रीटवरचे डाग. लोकांना सांगताना मला हे दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं की त्यांना वाटतं कपड्यांवरचे.

"म्हणजे ड्रायक्लीनिंग?" शेजारच्या विमलताईंनी विचारलं होतं.

"नाही हो, सिमेंटवरचे. गाडीखाली पडतात ना, ते."

"अगं बाई! ते तर बापू वॉचमन फिनेल टाकून पुसतो."

पुसतो, पण निघत नाही. हे मला मोहनाने समजावलं तेव्हा कळलं. सिमेंट गुळगुळीत दिसतं, पण त्याला बारीक भोकं असतात आणि तेल आत उतरतं. वरून घासून ते निघत नाही, त्याला बाहेर ओढावं लागतं. त्यासाठी ती मातीसारख्या पांढऱ्या पुडीत कसलंसं द्रावण कालवून लापशीसारखा लगदा करते, तो डागावर बोटभर जाड थापते, वर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करते आणि चोवीस तास हात लावत नाही. पुरीखालचा कागद तेल ओढतो तसा तो लगदा तेल वर ओढतो. मग तो कोरडाच खरवडायचा आणि शेवटी धुवायचं. पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर पूड मोजताना ती मला म्हणाली होती, "आई, यात एकच नियम. चोवीस तास पाणी नाही."

मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पुढे जे झालं त्याला ऐकू आलं नाही ही सबब चालणार नाही.

तिचे बाबा, गोविंद, रिफायनरीतून निवृत्त झालेत. तेलाशी तीस वर्षं संबंध आल्यामुळे त्यांना या धंद्यात काही लाजिरवाणं वाटलं नाही. मला वाटलं, खोटं कशाला लिहू? मुलगी गुडघ्यांना पॅड बांधून लोकांच्या गाड्यांखाली वाकते, कारेलीबागेतल्या निम्म्या बायकांनी तिला तशी पाहिली आहे, आणि त्यातल्या दोघींनी "मोहनाचं कुठे जमतंय का?" हे विचारणं त्यानंतर बंद केलं. पण लाजेपेक्षा मोठी काळजी होती ती कामाची. मार्च ते ऑगस्ट तिला मिळालं काय, तर दोन बंगल्यांचे पोर्च आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागची जागा. लॅबवाले तिला परत बोलावत होते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कळवा, म्हणाले. आणि तेव्हाच बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्याच्या मॅनेजरने तिला सांगितलं, "आमचं मागचं अंगण बघा, फोर्कलिफ्टच्या तेलाने काळं झालंय. पण शहरात केलेलं एक मोठं काम दाखवा, सोसायटीची सही आणा. मग बोलू."

सही मिळण्यासारखी सोसायटी एकच होती, आमचीच. सुवर्णरेखा.

आमच्या पार्किंगमध्ये अकरा डाग आहेत. त्यातला सर्वांत मोठा तुकोजीरावांच्या जुन्या गाडीखालचा. तुकोजीराव पहिल्या मजल्यावर राहतात, गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, आणि आठ वर्षं ते एकच वाक्य म्हणत आले आहेत, "माझी गाडी थेंब टाकत नाही. हे खालून येतं." खालून म्हणजे जमिनीतून. आमच्या सोसायटीखाली तेलाची विहीर आहे, असं त्यांच्यामुळे पोरं म्हणतात.

चेअरमन किरीटभाईंनी मोहनाला सांगितलं, "बेटा, गणपती त्याच कोपऱ्यात बसतो. एक डाग काढून दाखव. रविवारी अकरा वाजता कमिटी बघेल. बराबर?"

शनिवारी सकाळी अकराला तिने तुकोजीरावांची गाडी ढकलायला लावली, डाग घासून सुकवला, लगदा थापला, प्लास्टिक लावलं आणि सावलीला अंगणाची मापं घ्यायला निघून गेली. जाताना बापूला सांगून गेली, मला सांगून गेली. पाटी मात्र लावली नाही.

पाचच्या सुमारास विमलताई आणि आणखी तिघी वर आल्या.

"ताई, खाली ते शेणासारखं काय थापलंय मोहनाने?"

"ते औषध आहे. उद्या अकरापर्यंत राहू द्यायचं आहे."

"उद्या अकरापर्यंत? उद्या सकाळी आठला मंडपाच्या खांबाची पूजा! तिथेच! सडा घालायचा, रांगोळी काढायची, गुरुजी येणार. त्या घाणीत?"

"शिवाय वास येतो," दुसरी म्हणाली. "रॉकेलसारखा. देवाच्या जागी."

मी मोहनाला दोनदा फोन लावला. लागला नाही. चौघी दारातच उभ्या. मी मनाशी हिशेब केला की सहा तास झालेत, जे ओढायचं ते ओढलं असेल. आम्ही दही लावतो तेव्हा सहा तासांत लागतंच की. बी.एस्सी. झालेल्या बाईने केलेला हा विचार आहे. आणि खरं सांगायचं तर विचार नव्हताच. माझ्या मुलीच्या हातचं काहीतरी घाणेरडं देवाच्या जागी पडलंय आणि चार जणी ते बोलून दाखवताहेत, हे मला सहन झालं नाही.

मी बादलीभर गरम पाणी, साबणाची पूड आणि खराटा घेऊन खाली गेले.

प्लास्टिक काढलं तेव्हा लगदा वरून तपकिरी झाला होता. म्हणजे तेल वर येत होतं. ते मला दिसलं, आणि तरीही मी पाणी ओतलं. पुढच्या पाच मिनिटांत सहा तासांत वर आलेलं सगळं तेल गरम साबणाच्या पाण्याबरोबर पसरत गेलं. ताटाएवढा डाग सतरंजीएवढा झाला. मी जितकं घासलं तितकं ते पुढे सरकलं, उतारावरून थेट खांबाच्या जागेपर्यंत. विमलताई चपला हातात घेऊन मागे सरकल्या. "राहू दे गं, राहू दे आता," म्हणाल्या. आता!

मोहना साडेसहाला आली. स्कूटर लावली नाही, तशीच धरून उभी राहिली.

"कोणी धुतलं?"

बापू छताकडे बघायला लागला.

"मी," मी म्हणाले.

"पाण्याने?"

"गरम."

"साबण?"

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने स्कूटर लावली, डिकीतून भुशाची पिशवी काढली आणि गुडघ्यांवर बसून भुसा पसरायला लागली. मी वाकले तर म्हणाली, "आई, तू वर जा. प्लीज." जेवायला आली तेव्हा हाताला वास होता आणि कपाळावर भुसा. गोविंदनी माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

रविवारी अकराला कमिटी आली. खांबाची पूजा तीन फूट बाजूला सरकवून झाली होती. भुशाने वरचं तेल उचललं होतं, पण डाग मोठाच राहिला होता. आणि सर्वांत आधी कोणी बोलावं?

"हे काय!" तुकोजीराव म्हणाले. "माझा डाग एवढा नव्हता!"

सगळे हसले. आठ वर्षांनी तो डाग त्यांचा झाला. मोहनाही हसली. मला वाटलं निभावलं.

"चूक माझी आहे, किरीटभाई," ती म्हणाली. "मी पाटी लावली नाही, वेळ नीट सांगितली नाही. आज परत लावते, उद्या अकराला बघा."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोरीने माझ्यासाठी मान खाली घालावी हे मला बघवेना. "नाही, किरीटभाई," मी पुढे झाले. "तिने बरोबर केलं होतं. मी धुतलं. तिला न विचारता."

किरीटभाई हसले. "अरे बेन, घरमां ज ट्रेनिंग बाकी छे?"

घरातलंच ट्रेनिंग राहिलंय, म्हणे. पुन्हा सगळे हसले. या वेळी मोहना हसली नाही. किरीटभाईंनी घड्याळ बघितलं, गणपती बुधवारी, आता प्रयोगाला वेळ नाही, साफसफाईवाला अॅसिड टाकून तासाभरात करून देतो म्हणाले. मोहना म्हणाली, अॅसिडने तेल जात नाही, सिमेंट जातं, आणि उघडं पडलेलं सिमेंट पुढे जास्त तेल पितं. ते कोणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर मात्र ती ओरडली.

"धुतलंस ते मी समजू शकते. तिथे का बोललीस?"

"मग तुला खोटं बोलू द्यायचं होतं?"

"खोटं काय त्यात? काम माझं होतं, राखायचं मी होतं. आता सगळ्यांना काय कळलं? की ही पोरगी आईच्या पदराखाली धंदा करते!"

"मी तुझी बाजू घेतली, मोहना."

"तेच म्हणते मी."

सोमवारी साफसफाईवाला आला. फेस आला, धूर आला, सगळे रुमाल लावून उभे राहिले आणि सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटलं. वाळल्यावर भोवतालची फरशी पांढरी फटक आणि खरबरीत झाली, आणि मधला डाग होता तसाच, उलट जास्त काळा. मंगळवारी मंडपवाल्याने त्यावर हिरवा गालिचा टाकला. गालिचाच टाकायचा होता तर कमिटी कशाला, ट्रायल कशाला, आणि माझ्या मुलीचा तो शनिवार कशाला? मी हे विमलताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, आता छान दिसतंय."

सही मिळाली नाही. मोहना सावलीच्या मॅनेजरकडे गेली आणि सही नाही हे सरळ सांगितलं. मला वाटलं, निदान गणपतीचं काही कारण देईल. तिने त्यांच्याच अंगणात, डिझेलच्या टाकीमागे, एक कोपरा मागून घेतला. लगदा लावला आणि या वेळी चारी बाजूंनी दोरी बांधून तीन भाषांत पाटी लावली. दुसऱ्या दिवशी खरवडून धुतलं तेव्हा खाली नव्यासारखं सिमेंट निघालं. मॅनेजर वाकून बघत म्हणाला, "डाग गेला, पण आता हा पांढरा चौकोन किती वाईट दिसतोय."

"चौकोन बरोबर आहे, साहेब," मोहना म्हणाली. "बाकीचं अंगण चुकीचं दिसतंय."

तो म्हणाला, वर विचारून पंधरा दिवसांत कळवतो.

लॅबला कळवायची मुदत त्याच्या आधी संपत होती. मी तिला म्हटलं, त्यांच्याकडून थोडी सवलत माग, दोन्ही दोर हातात ठेव. तिने त्याच संध्याकाळी त्यांना नाही म्हणून कळवून टाकलं. मला दुसऱ्या दिवशी, गोविंदकडून कळलं.

"असं का केलंस?" मी तिला विचारलं. माझा आवाज चढला होता. "पंधरा दिवस, मोहना! फक्त पंधरा दिवस थांबायचं होतं!"

ती गुडघ्यांचे पॅड बादलीत धूत होती. "आता परत जायला जागाच नाही," म्हणाली. "म्हणजे तू रोज सकाळी उठून विचारणार नाहीस, लॅबचं काय ठरवलंस."

लॅबचं मी विचारत नाही. सावलीचं विचारते. आज नववा दिवस. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, आणि रात्री ताट वाढताना पुन्हा तोंडाशी आलं तेव्हा तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "नाही आला फोन, आई."