सरांनी आणून दिलेले पक्षी

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. एरवी प्रवासाहून आले की बॅग रिकामी करायच्या आधी मी लिहायला बसते. या वेळी नुसते रस्ते आणि जेवण लिहून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण ते जमेना.

निघायचं कारण आनंदाचं होतं. मी पक्ष्यांची चित्रं काढते. शाळेत असल्यापासून तेच करत आलेय. साड्यांवर, कॅलेंडरांवर, मुलांच्या पुस्तकांत, जिथं काम मिळेल तिथं पक्षी. आता पहिल्यांदाच फक्त माझ्या चित्रांचं पुस्तक निघतंय. त्यातली बरीच चित्रं मी दहा-अकरा वर्षांची असताना काढलेल्या स्केचवरून रंगवलेली आहेत. वडील बँकेत होते, बदली सोयगावला झाली होती, आणि तिथल्या शाळेत चित्रकलेच्या काळे सरांनी मला पक्षी काढायला शिकवलं. पुस्तक त्यांनाच अर्पण केलं होतं. छापायला जाण्याआधी नमुना प्रत त्यांच्या हातात द्यावी, म्हणून जानेवारीतल्या एका शुक्रवारी नाशिकहून एकटीच गाडी घेऊन निघाले.

येवला, वैजापूर, गंगापूर करत संभाजीनगर गाठायला पाच तास लागले, चहा धरून. एक सांगून ठेवते, वाळूजला दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला पोचू नका. कंपन्यांच्या बस आणि मोटारसायकली यांच्यामध्ये मी पाऊण तास अडकले. मुक्काम स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर केला. सकाळी जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे नानबरोबर मटणाचा झणझणीत रस्सा, खाल्ला. हॉटेलवाल्यानं माझा चेहरा बघून विचारलं, "बाजी, खलिया थोडा तेज है, दही लेते क्या?" घेतलं, आणि बरं झालं.

शनिवारी अजिंठा. सिल्लोडचा रस्ता पूर्वी कंबर मोडायचा, आता बराचसा सिमेंटचा झालाय. गाडी फाट्यावर लावून पुढं लेण्यांच्या बसनं जावं लागतं, तिचं तिकीट वेगळं. सोमवारी लेणी बंद असतात. मला दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले छतावरचे हंस बघायचे होते. तिथल्या पहारेकऱ्यानं अंधारात बोट दाखवलं. "मॅडम, एकेकाची मान बघा. एकासारखी दुसरी नाय." खरंच नव्हती. एक मागं वळून पंख साफ करत होता, एक शेजाऱ्यावर चिडला होता. मान दुखेपर्यंत मी वर बघत उभी राहिले.

फर्दापूरहून सोयगाव अर्ध्या तासावर आहे. दोन्ही बाजूंना वेचणी झालेला कापूस. सर आता ऐंशीला आलेत. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"आलीस का. चष्मा लागला की तुला."

सरांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा आणला. मी नमुना प्रत सरांच्या मांडीवर ठेवली. अर्पणाचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि पुढं उलटलं. मग चित्रांवर बोट ठेवून सांगू लागले.

"हा होला, विहिरीवरचा. हा हुदहुद, शाळेमागच्या माळावरचा. हा वेडा राघू तारेवर बसला व्हता. याच्यापायी दोन खडे वाया गेले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "खडे कसले, सर?"

"गलोलीचे."

ते पक्षी मेलेले असत हे मला माहीत होतं. सर रुमालात गुंडाळून आणायचे आणि सांगायचे, तारेला चिकटला, मांजरानं धरला, थंडीनं गेला. मी आयुष्यभर तेच लोकांना सांगत आले, की माझे सर मेलेला पक्षीसुद्धा वाया जाऊ देत नसत.

"तुला ठावं नाय व्हय?" काकू म्हणाल्या. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. "मला वाटलं तूच सांगायचीस त्यांला. तो निळा तर तूच मागितला व्हता. शनिवारी म्हणालीस, सर, निळा कधी काढायचा. सोमवारी हे पहाटंच तळ्यावर गेले."

निळा म्हणजे खंड्या. त्या चित्राला मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेच आता पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. तो तळहातावर घेतला तेव्हा गरम होता. मी विचारलं होतं, गरम का आहे? सर म्हणाले होते, उन्हात पडला होता. अजून प्रार्थना व्हायची होती. शाळेच्या अंगणात ऊन आलेलं नव्हतं.

मी उठून मागच्या नळावर गेले आणि हात धुतले. परत येऊन बसले, पुन्हा उठले, पुन्हा धुतले. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"किती असतील, सर?"

"मोजले नाय." त्यांनी पुस्तक मिटलं. "जिता पक्षी थांबत नाय, पोरी. मला कधी काढता आला नाय. तुझा हात पाहिला अन् वाटलं, हिला नीट बघाया मिळावं. पिसं, नखं, समदं."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर काढले असते का तू?"

नसते काढले. पण मग मी कोण झाले असते, तेही मला सांगता येईना.

त्याच संध्याकाळी निघायचं मनात होतं. काकूंनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पुढ्यात ठेवली आणि गाडीची किल्ली उचलून नेली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

रविवारी उजाडल्यावर सर स्वेटर घालून तयार. "चल, तळ्यावर जाऊ." मी गाडी काढली. पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर खंड्या बसला होता. मी वही काढली. चोच, कपाळ, पाठीची रेघ एवढं झालं आणि त्यानं पाण्यात सूर मारला. वर आला तो पलीकडच्या काठावर गेला. मी थांबले. तो परत आला, मी दोन रेघा काढल्या, तो पुन्हा उडाला. तासाभरात कागदावर अर्धा पक्षीही झाला नाही.

"असा जातो उडून," सर म्हणाले, "म्हणून तर मी..."

 त्यांनी चेहरा पाण्याकडं वळवला.  मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का, हे आजही कळत नाही. माझा हात उचललाच गेला नाही.

घरी आल्यावर प्रकाशकांचा निरोप होता, बुधवारी पुस्तक छपाईला जातंय, काही बदल असेल तर कळवा. दोन दिवस मी अर्पणाचं पान खोडलं, परत लिहिलं. शेवटी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, हे पक्षी कसे मिळाले ते मी पुस्तकात लिहिणार आहे. आणि खंड्या मी मागितला होता, तेसुद्धा."



"लिही," ते म्हणाले. "समदं लिही. पण माझं नाव खोडू नको."

अर्पणातलं नाव तसंच ठेवलंय. त्याच्याखाली सगळं लिहिलंय, माझ्या मागण्यासकट. पुस्तक छापून आलंय, चार प्रती सोयगावला पाठवल्यात. तिकडून अजून फोन नाही. मीही केलेला नाही. जेवताना मधेच उजवा तळहात उघडून बघते, आणि समोरच्यानं विचारलं, काय झालं, की काही नाही म्हणते.