इंजिनाचं पाणी

हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्याला कारण मी स्वतःच. मी पायाळू. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात, म्हणून लहानपणी जामनेरला काकांनी मला शेतातून अनवाणी फिरवलं. पायात काटा रुतला, मी थांबले. मी तोंड उघडेपर्यंत काकांनी तिथे खूणसुद्धा केली... विहीर कोरडी निघाली!

पुढे, पन्नासचं दशक संपता संपता, यांच्या पीएचडीसाठी आम्ही जर्मनीत आलो. बॉनजवळच्या एका दरीत खोली मिळाली. तिथे आमच्या पाचोरा-जामनेरसारखीच अरुंद रुळांची लहान गाडी होती – रस्त्याच्या कडेने, घरांना खेटून जाणारी. आमच्या थांब्यावर इंजिन पाणी भरायचं. तिथला पंप फ्राऊ हेलर नावाच्या विधवा बाई सांभाळायच्या, म्हणून थांब्यावरचं घर त्यांना राहायला होतं.

एका उन्हाळ्यात त्या पंपाची विहीर आटली. पाण्याची सोय झाली नाही तर इंजिन पुढच्या गावी पाणी भरेल, घर रिकामं करा, असा रेल्वेचा निरोप आला.

आम्ही भेटायला गेलो. सवयीने मी चपला दाराबाहेर काढल्या, आणि बाईंनी आम्हाला घरातून थेट मागच्या बागेत नेलं. मी तशीच अनवाणी. जमीन तापलेली होती. प्लमच्या झाडापाशी माझा डावा तळवा एकदम गार पडला... गारवा गुडघ्यापर्यंत चढला.

"अहो, इथं खाली पाणी आहे," मी हळूच म्हटलं.

"अगं, मी इथे विज्ञान शिकायला आलोय. माझी अब्रू राहू दे!"

"काय म्हणतेय ती?" फ्राऊ हेलरनी विचारलं. यांनी नाइलाजाने सांगितलं.

"का नसेल? माझे वडील काठी घेऊन पाणी शोधायचे. मुली, हलू नकोस!" आणि त्यांनी माझ्या पायांभोवती कुदळीने रेघ ओढली.

रविवारी इंजिनाच्या ड्रायव्हरने आणि कोळसा टाकणाऱ्याने तिथे खणायला घेतलं. मी पडदा ओढून घरात बसले. माझ्यापायी आणखी एक कोरडी विहीर, आणि या वेळी एका बाईचं घर जाणार...

संध्याकाळी फ्राऊ हेलर आल्या. त्यांनी दारात बादली ठेवली. पाणी गढूळ होतं, पण बर्फासारखं गार.

पुढे काही वर्षांनी रूळ उचलले, बस आली. तोवर इंजिन तिथेच पाणी भरत होतं आणि बाई त्याच घरात होत्या.

हे म्हणतात, दरीत कुठेही खणलं असतं तरी पाणी लागलंच असतं. असेल. पण आटलेली विहीरही त्याच बागेत होती. त्यानंतर माझ्या पायांना पुन्हा कधी काही कळलं नाही.

त्या दिवशी बागेतून घरी आल्यावर मी तळवा दिव्याखाली धरून नीट पाहिला होता.

काटा नव्हता.