पगारे सरांचा डावा हात

पगारे सरांच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, कायम बॉलपेनने काढलेली वर्तुळं असत. शेजारी बॅचचा नंबर. क्रीमची नवी बॅच झाली की तिचा एक ठिपका वर्तुळात लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेवढी जागा धुवायची नाही. एकदा एका लग्नात आहेर देताना बाही वर सरकली आणि नवरदेवाने तो नंबर मोठ्याने वाचला. "आमच्याकडं माल असाच तपासतात," सर म्हणाले आणि जेवायला बसले.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा क्रीम-लोशनचा कारखाना लहानसाच होता. मी बी.एस्सी. होऊन तिथे सरांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातावर वर्तुळ काढलं. "आधी आपला हात, मग लोकांचं तोंड. कातडीला वशिला चालत नाही," ते म्हणाले. माझी पहिली बॅच दह्यासारखी फाटली, कारण मी गरम तेलात कोमट पाणी ओतलं होतं. ते रागावले नाहीत. "तेलाला नि पाण्याला एकमेकांचं काही पडलेलं नसतं. मध्ये मेण आहे म्हणून नांदतात. दोघांना सारखं तापव, सावकाश एक कर आणि निवेपर्यंत ढवळणं सोडू नकोस." मी सहा वर्षं तसंच ढवळत राहिले. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना माझी मलाच चीड येते.

सर मूळचे नांदगावकडचे, वर्णाने काळेभोर. गोरेपणाचं क्रीम काढायचं ठरलं तेव्हा शेठ हसत म्हणाले, "पगारे, तुमच्यावर चाललं तर जगात कुणावरही चालेल!" सगळे हसले. मीही हसले. सर शांतपणे म्हणाले, "शेठ, माझा रंग काही आजार नाही, बरा व्हायला." तरी त्यांनी ते क्रीम केलं. उन्हापासून थोडं संरक्षण, थोडा ओलावा, बाकी काही नाही. चेहरा त्याने नितळ दिसे, गोरा होत नसे, आणि म्हणून ते खपतही नसे.

मग एके दिवशी शेठनी एक पांढरी भुकटी आणली. डब्यावर नाव नव्हतं. "बाहेरचा माल आहे. आठ दिवसांत फरक दिसतो. मार्केट को यही मांगता है, पगारे." सरांनी ती हाताला लावली नाही. चिमूटभर भुकटी आम्लात विरघळवली आणि तांबट आळीतून आणलेली तांब्याची पट्टी त्यात बुडवली. पट्टीवर राखाडी थर धरला. त्यांनी तो कापडाने घासला आणि तांबं चांदीसारखं चकाकलं. "पारा," ते मला म्हणाले. "रंग उजळतो खरा. मग चेहऱ्यावर डाग पडतात आणि मूत्रपिंडं जातात. लावणाऱ्या पोरीला यातलं काही कळत नाही."

बॅच कार्डावर केमिस्टची सही असल्याशिवाय माल बाहेर जात नसे. शेठनी कार्ड पुढे केलं. रागावले की सर गावच्या बोलीत जात. "नाय करायचो. हात तोडला तरी नाय." पंधरा वर्षांची नोकरी त्या दुपारी संपली. जाताना त्यांनी ती पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेठनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "आजपासून तुम्ही केमिस्ट." तेव्हा वडील निवृत्त झाले होते, भाऊ शिकत होता, अशी कारणं मी पुढे अनेकांना सांगितली. ती खोटी नव्हती. मी सही केली. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

क्रीम धडाक्याने खपलं. त्र्यंबकेश्वरच्या दुकानांत कुंकवाच्या पुड्यांशेजारी त्याच्या डब्या दिसू लागल्या. आमच्या पॅकिंगच्या हिराबाईने लेकीसाठी दोन डब्या नेल्या. पोरीचं लग्न ठरायचं होतं. चार-पाच महिन्यांनी हिराबाई तिला घेऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली. पोरीच्या दोन्ही गालांवर शाईसारखे निळसर-काळे डाग होते, पाय सुजले होते.

"मॅडम, या मालाच्या कार्डावर तुमचीच सही हे ना? मग आसं कसं झालं?"

शेठ दारातच उभे होते. मी म्हणाले, "दुसरं काहीतरी लावलं असेल." हिराबाई पोरीला घेऊन गेली. पगारे सरांनीच तिला डॉक्टरांकडे नेलं, हे मला नंतर कळलं.

मग मला राहवेना. द्वारका चौकाजवळ एका गल्लीत सर मुलांच्या शिकवण्या घेत, तिथे गेले. वाटलं होतं, ते शिव्या देतील, म्हणजे मला रडता येईल आणि मोकळं होता येईल. त्यांनी खुर्ची दिली, आत चहा सांगितला. हिराबाईच्या पोरीचं मूत्रपिंड दुखावलंय, लग्न मोडलंय, एवढं सांगितलं. मग विचारलं, "सही करायच्या आधी हाताला लावून बघितलं होतंस?"

सहा वर्षांत एकही बॅच मी हाताला लावल्याशिवाय सोडली नव्हती. ही सोडली होती.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे ते विष आहे याची तुलाही खात्री होती."

चहा आला. आम्ही दोघांनी तो घेतला. ते दाराशी सोडायला आले तेव्हा त्यांच्या डाव्या हातावर एकही वर्तुळ नव्हतं.

मी ती नोकरी आणखी तीन वर्षं केली. सर वारल्याचं कळलं तेव्हा मी अंत्ययात्रेला गेले नाही. तिथे हिराबाई असेल, याची भीती वाटली. तांब्याची पट्टी अजून माझ्याकडे आहे. सरांनी घासलेली जागा आता काळवंडली आहे. माझा डावा हात मात्र स्वच्छ आहे, त्यावर कसलाही डाग नाही.