मामांच्या फोनमधले आवाज

माझे मामा रेल्वेतून निवृत्त झाले आणि होटगीचं क्वार्टर सोडून सोलापुरात भवानी पेठेत राहायला आले. सामान सगळं नीट पोचलं. मामीची शिलाई मशीन आली, तुळशीची कुंडीसुद्धा न फुटता आली. फक्त मामांच्या फोनला नव्या घरात रेंज मिळेना. फोन आला की मामा भिंत चाचपत गॅलरीत जायचे, तिथून जिन्यात, आणि बहुतेक वेळा जिन्यात पोचेपर्यंत फोन कट व्हायचा. मामांना दिसत नाही. काचबिंदूने त्यांचे डोळे चाळिशीतच गेले, पुढची नोकरी त्यांनी बसल्या कामावर केली. जिन्याची मामीला धास्ती वाटायची.

"एक दिवस जिन्यावनं खाली येतील बघ," मामी मला म्हणाली. "तू कायतरी कर की."

मी नातेपुत्यात शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे आले होते. उपाय सोपा होता. नंबर तोच ठेवायचा, कंपनी बदलायची. नवीन सिम आलं की जुनं काढून ते घालायचं. मी मामांना हे सांगितलं, तर त्यांनी फोन मुठीत घट्ट धरला. मग म्हणाले, "आणि आतले आवाज?"

ते आवाज काय होते, ते सांगायला हवं. मामांचा फोन बोलतो. बोट फिरवलं की आतली बाई काय लिहिलंय ते वाचून दाखवते. पण फोन आल्यावर त्या बाईनं नाव सांगितलेलं मामांना चालत नसे. "ती सगळ्यांची नावं येकाच आवाजात घेती," ते म्हणायचे. "माणूस आल्यागत वाटत न्हाय." म्हणून त्यांनी ओळखीच्या एकेका माणसाला समोर बसवून दोन शब्द बोलायला लावले होते, ते रेकॉर्ड केले होते आणि तीच त्या माणसाची रिंगटोन लावली होती. माझ्या आईचा फोन आला की आई स्वतःच फोनमधून म्हणायची, "दादा, जेवलास का?" होटगीचे दूधवाले "दूऽऽध" म्हणायचे. मामांचे रेल्वेतले जुने सोबती नुसते खाकरायचे.

आपण घरात माणसांचे फोटो लावतो. मामांची माणसं ही अशी होती.

"सिम काढलं तर हे सगळं जाणार की," मामा म्हणाले. "तसलं असंल तर मी जिन्यात उभा राहीन. मला काय त्रास न्हाय."

"त्रास मला हाय," मामी आतून म्हणाली.

मी म्हटलं, "मामा, आवाज सिममध्ये नसतात. फोनमध्ये असतात. सिम काढून दाखवू का?"

ते तयार नव्हते. पण मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि फोन त्यांच्याच हातात ठेवला. फोनच्या डब्यात एक बारीक पिन होती. कडेचं छिद्र कुठं आहे ते त्यांच्या बोटाला दाखवलं. पिन त्यांनीच दाबली. छोटा ट्रे बाहेर आला. मी सिम काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी शोधलं, पहिल्यांदा सापडलंच नाही. मग नखाला लागलं.

"येवढंच?"

"एवढंच."

"ह्याच्यावर मी इतकी वर्षं बोलतोय?" त्यांनी ते पुन्हा पुन्हा चाचपलं. त्याचा एक कापलेला कोपरा त्यांना सापडला. "ह्ये कापलंय का तुटलंय?"

"कापलंय. उलटं बसू नये म्हणून."

त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. "म्हंजे आंधळ्यालाबी बसवता यावं असं केलंय की!"

सिम त्यांच्या मुठीत होतं. फोनमध्ये काहीच नव्हतं. मी संपर्कांत गेले आणि आईच्या नावावरची रिंगटोन लावली.

"दादा, जेवलास का?"

मामांनी मान वळवली. मूठ उघडून सिम आहे का ते चाचपून पाहिलं. आहे. मग मी दूधवाले लावले, सोबत्यांचं खाकरणं लावलं. सगळं जिथल्या तिथं होतं. मामी हातातली पोळी लाटायची सोडून दारात येऊन उभी राहिली.

"सिम म्हंजे नुसता पास हाय म्हण की," मामा हळूच म्हणाले. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. "पास बदलला तर पेटीतलं सामान कुटं जाईल?"

पण एक गोष्ट मला तेव्हाच दिसली. सिम नसताना संपर्कांची यादी थोडी आखूड झाली होती. अगदी पहिल्या, बटणांच्या फोनच्या काळात साठवलेले काही नंबर अजून सिममध्येच होते. त्यांना आवाज नव्हता, साधी घंटा वाजायची. मामा त्यांना मुकी माणसं म्हणायचे. तसंच सिम बदललं असतं तर ही मुकी माणसं जुन्या सिमबरोबर गेली असती, आणि कोण गेलं हेसुद्धा मामांना लगेच कळलं नसतं. मी सिम परत घातलं, ते सगळे नंबर फोनमध्ये उतरवून घेतले, आणि वर एक प्रत मामांच्या ईमेल खात्यात ठेवली. मग सिम पुन्हा काढून यादी मोजून पाहिली. आता कुणी कमी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार दखनी बोलणारे, वयानं माझ्याएवढेच. कंपनी बदलण्याचा कोड आधीच मेसेजवर आला होता, मामांचं आधार कार्ड सोबत होतं. समोर खरंच माणूस आहे याची खात्री फोन पापण्यांवरून करतो; त्या फोटोसाठी त्यांनी आपला फोन मामांसमोर धरला आणि सवयीनं म्हणाले, "चाचा, जरा पलकां झपकाओ."

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळले. मामांनी मात्र दोन्ही डोळे सावकाश मिटले, उघडले आणि विचारलं, "चाललं का?"

फोनला चाललं होतं. हिरवी खूण आली. दुकानदार त्या खुणेकडे बघत राहिले आणि मीही.

नवं सिम सुरू व्हायला दोन-तीन दिवस लागणार होते. मामांनी ते पाकिटातच खिशात ठेवलं. एका दुपारी फोनमधली बाई म्हणाली, "सेवा नाही." जुनं सिम बंद पडलं होतं. मामांनी मला हाक मारली नाही. मी आतून आले तेव्हा ट्रे बाहेर निघालेला होता आणि मामा नव्या सिमचा कापलेला कोपरा बोटानं शोधत होते. त्यांनी सिम ट्रेत बसवलं, ट्रे आत ढकलला आणि फोन मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं रेंज आली. मामांना ती दिसत नव्हती, म्हणून मीच सांगितलं, "आली. पूर्ण आली."

"मग लाव की फोन. बघू."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझा फोन काढला, मामांचा नंबर लावला. माझ्या कानात नेहमीची ट्रिंग ट्रिंग सुरू झाली. आणि समोर, मामांच्या मांडीवरून, एक लहान मुलगी बोलली.

"मामा, मीच हाय. भिऊ नका."

मागं एका इंजिनाची शिट्टी होती. वाक्य संपलं आणि पुन्हा सुरू झालं. "मामा, मीच हाय. भिऊ नका."

मी कोण बोलतंय ते विचारणार होते. मग मी फोन कानापासून दूर धरला.

ती मी होते. चौथी-पाचवीत असेन. उन्हाळ्यात मी होटगीला जायचे. मामांना नुकतंच दिसेनासं झालं होतं, आणि कुणी अचानक जवळ आलं की ते दचकायचे. म्हणून मी दारातूनच ओरडत यायचे. हे मला आठवत होतं. पण तो आवाज? मी रोज शाळेत प्रमाण मराठीत शिकवते, फोनवर बोलते, भांडते. "हाय" मी कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. आणि इथे ते होतं, माझ्याच तोंडचं, ठसठशीत. इतक्या वर्षांत मी मामांना किती फोन केले असतील. प्रत्येक वेळी मी तिकडे असायचे आणि इकडे ही मुलगी आधी घरात यायची. आपण दुसऱ्याच्या घरात कसे वाजतो, हे आपल्याला कधी ऐकूच येत नाही.

मामी म्हणाली, "अगं, उचलू द्यायचा का न्हाय त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "वाजू दे."

वाजून वाजून तो बंद झाला. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना मी खाली बसले होते आणि मामा हसत होते.

"हा किती जुना आहे मामा? कुठून आला?"

"पयल्या फोनवर घेतलेला. फोन बदलला तसा त्यातल्या मेमरी कार्डावरनं दुसऱ्यात घातला, मग हितं. दुकानदारांना सांगायचो, बाकीचं गेलं तर जाऊ द्या, येवढी पोरगी राहिली पायजे."

"पण माझा आवाज आता किती बदललाय. ओळखायला अडचण नाही होत?"

"तुझा आवाज बदललाय?" मामांना खरंच नवल वाटलं. "मला न्हाय तसं वाटत."

नंतर आईनं फोन केला, दूधवाल्यांनी केला. मामा खुर्चीवरून उठले नाहीत. मामीनं त्या दिवशी जिन्याच्या दाराला कडी घातली.

मी निघायच्या सकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचं घर मागावर काम करणाऱ्यांचं, घरात तेलुगू बोलतात. मामांनी त्यांचा नंबर घेतला, त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि फोन पुढे धरून म्हणाले, "काकू, कायबी बोला. फकस्त तुमी तुमीच वाटाय पायजे."

काकू लाजल्या. मामीकडे वळून त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "एम चेप्पाली?" काय बोलू?

मामांनी तेवढ्यावर बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. "झालं," ते म्हणाले. "लई चांगलं आलं."

आता त्या काकूंचा फोन आला की मामांच्या घरात त्या आधी विचारतात, काय बोलू, आणि मामा उचलून म्हणतात, बोला की.