महालक्ष्मींचं पातेलं

कोबी-लसणाच्या वाफेचा वास आला की मला हिंगणघाटचं सासर आठवतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, मी नवी सून. वडील मिलिटरीत असल्यानं लहानपण शिलाँगला गेलं, तिथल्या शेजारच्या चिनी काकूंनी मला डम्पलिंग, म्हणजे कोबी-लसणाचं सारण भरून वाफवलेल्या करंज्याच, शिकवले होते. सासूबाई अल्लीपूरला लग्नाला गेल्या, तशी थोरली जाऊ म्हणाली, "चाल वं, तुह्यं ते चिनी करू." वाफवायला भांडं सापडेना, तेव्हा तिनंच फळीवरून महालक्ष्मींच्या नैवेद्याचं पितळी पातेलं काढलं. त्याला कधी कांदा-लसूण लागला नव्हता. मी बिचकले, तर म्हणाली, "काई होत नाई, घासून ठेवू." पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधलं, मी तिला बारीक मुरड घालायला शिकवली, आणि चुलीपाशीच बसून आम्ही बोटं भाजत, हसत खाल्लं. या घरात मला मैत्रीण मिळाली, असं त्या दुपारी वाटलं. पातेलं चिंचेनं लख्ख घासलं, फडकं धुऊन आत ठेवलं. पण फडक्यातला लसूण सासूबाईंना आल्या आल्या कळला. "कोनं काढलं हे?" मी जावेकडे पाहिलं. पदर सावरत ती म्हणाली, "मी तं नकोच म्हणत होती, आत्याबाई. पन ही आयकते कुठं?" भादव्यात महालक्ष्मी बसल्या, तेव्हा मला नैवेद्याला हात लावू दिला नाही. मी दारातच उभी. ताटातल्या करंज्या पाहून बायका म्हणत होत्या, "काय बारीक मुरड हाय वं!" आणि जाऊ लाजून हसत होती. अजूनही ती फोन करून मला एखादा पदार्थ विचारते. मी अगदी गोड बोलून सगळं सांगते, आणि दर वेळी एक जिन्नस गाळते.