पत्रा उघडा असेपर्यंत

लोकांना वाटतं, पेंटर म्हणजे रंग मारणारा माणूस. रंग मारायला कितीसा वेळ लागतो? खरा वेळ जातो रंगाच्या आधी. जुना रंग काढायचा, पत्रा उघडा करायचा, त्यावरचा गंज घासायचा आणि तो पुन्हा धरायच्या आत प्रायमर मारायचा. तेवढ्या वेळात गाडी उघडी उभी असते, आणि उघडी गाडी दिसली की येणारा-जाणारा थांबतो, बघतो आणि काहीतरी बोलतो. आमचे सगळे किस्से त्यातूनच साठलेत. रंग मारून झालेल्या गाडीचा एकही किस्सा माझ्याकडे नाही.

गॅरेज अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मालक गौतमदादा. आधी एका कारखान्यात वेल्डर होते, नोकरी सोडून त्यांनी हे काढलं. डेंटिंगला अन्वर, पेंटिंगला मी. ऐंशीचं दशक सरताना आम्ही तिघं एकत्र आलो आणि पुढची बरीच वर्षं तिथेच होतो.

* * *

आमच्या मागच्या बाजूला केमिकलचे कारखाने. संध्याकाळी चांदीसारखा घासून ठेवलेला दरवाजा सकाळी चहाच्या रंगाचा झालेला असायचा.

एकदा तिथल्याच एका कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांची फियाट कामाला आली. दादांनी त्यांना नम्रपणे सांगितलं की साहेब, तुमच्या चिमणीतून जे येतं ते पत्र्याला धरतं. साहेबांनी न रागावता समजावून सांगितलं. धूर आधी धुतला जातो, मग सोडला जातो, बाहेर येते ती जवळपास वाफच. वास येतो हा लोकांच्या मनाचा खेळ.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांचा दरवाजा घासला आणि नेमकी लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद, प्रायमर राहिला. सकाळी साहेब आले. तपकिरी दरवाजावरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "इथली हवा फार खराब आहे हो. गॅरेज दुसरीकडे हलवा."

दादा म्हणाले, "हलवतो. तुमच्या घराजवळ जागा मिळेल का?"

साहेब राहायला ठाण्याला होते.

* * *

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठचं दुकान होतं. तिथे गंज काढायचं औषध मिळतं, तेही इम्पोर्टेड, असं अन्वर कुठूनतरी ऐकून आला. दादांनी बाटली आणली. लेबलवर गोऱ्या माणसाचा फोटो, खाली चकचकीत गाडी.

बाटली उघडेना. अन्वरने पक्कड लावली, मी फडकं लावून बघितलं. मग लक्षात आलं की झाकण गंजून बसलंय.

दादा बाटली घेऊन परत कॅम्प दोनला गेले. शेठसमोर ठेवली आणि म्हणाले, गंजाचं औषध म्हणता आणि झाकणच गंजलंय. शेठने बाटली उजेडात धरून बघितली. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

"साईं, दवाई तो अंदर है. ढक्कन को किसने लगाई?"

औषध मात्र खरंच चांगलं निघालं. पुढची बाटली आणली तेव्हा तिला प्लॅस्टिकचं झाकण होतं.

* * *

वहिनी म्हणजे दादांची बायको. दुपारी डबा द्यायला यायच्या तेव्हा आम्ही घामाघूम होऊन घासत असायचो. एक दिवस म्हणाल्या की एवढं काय घासता, तांब्याचा हंडा चिंचेने मिनिटात लख्ख निघतो. दादा म्हणाले, हा हंडा नाही. पण अन्वरच्या मनात ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी डब्यासोबत चिंचेचा कोळही आला. अन्वरने तो एका मडगार्डला फासला. पत्रा निघाला, खोटं का बोला. आम्ही खूश होऊन जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर मडगार्डवर मुंग्यांची रांग. वहिनींनी कोळ आमटीसाठी केला होता, आणि आमटीचा म्हणून त्यात गूळ घालून ठेवला होता.

नेमका तेव्हाच गाडीचा मालक आला, उल्हासनगरचा कापडवाला शेठ. आता हा बोलणार म्हणून आम्ही खाली मान घालून उभे. शेठ वाकून बघत म्हणाला, "लाल है या काली?"

"काली," अन्वर म्हणाला.

"फिर ठीक है," शेठ म्हणाला. काळ्या मुंग्या म्हणजे लक्ष्मी. जाताना सांगून गेला की इतक्यात झटकू नका.

* * *

सुट्टीच्या आधी उघड्या पत्र्याला डिझेलचा हात फिरवून ठेवायचा, म्हणजे गंज धरत नाही. चौदा एप्रिलला गॅरेज बंद असायचं. आदल्या संध्याकाळी डिझेल संपलं होतं, म्हणून अन्वरने स्वतःची खोबरेल तेलाची बाटली टपावर रिकामी केली.

गंज अजिबात धरला नाही. प्रायमरही धरला नाही. पापडासारखा सुटून हातात आला. दादांनी टपाचा वास घेतला, मग अन्वरच्या डोक्याचा घेतला आणि थिनर आणायला गेले.

* * *

बदलापूरच्या एका लग्नासाठी नवरीच्या भावाने गाडी रंगवायला दिली होती. पावसाने आम्हाला गाठलं. लग्नाच्या दिवशी गाडीवर फक्त रेड ऑक्साइड प्रायमर होता, म्हणजे विटेचा रंग, तोही बिनचमकेचा. लग्न काही थांबत नव्हतं. भावाने त्यावरच झेंडूच्या माळा लावल्या आणि बहिणीची पाठवणी केली.

पुढच्या आठवड्यात जांभूळ गावचे एक काका जीप घेऊन आले. म्हणाले, "त्या लग्नातल्या गाडीसारका रंग मारा. चिखुल उडाला तरी दिसत नाय."

दादांनी त्यांना स्टुलावर बसवलं. तो रंग नव्हे, प्रायमर. तो पाणी पितो, मग आतून पत्रा गंजतो, म्हणून त्याच्यावर रंग मारावाच लागतो, असं सगळं सावकाश समजावलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग मारा की त्याच्यावर रंग," ते म्हणाले. "पन तसाच मारा."

आम्ही जीपला प्रायमर मारला, आणि प्रायमरवर प्रायमरच्या रंगाचा रंग मारला. काका खूश झाले.

* * *

एका वर्षी दादांच्या छातीत दुखायचं. ते स्वतः सांगत नव्हते, पण वहिनी आम्हाला सांगून गेल्या होत्या, त्यांना डॉक्टरकडे जायला सांगा म्हणून. आम्ही विषय काढला की दादा म्हणायचे, गॅस आहे.

तेव्हा बदलापूरच्या एका निवृत्त मास्तरांची फियाट आमच्याकडे होती. मास्तर हौसेने लोकांचे हात बघायचे. दादांना असलं काही चालायचं नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असली तर ते आधी सोडवायचे आणि म्हणायचे, बॉडीवर्कमध्ये भाजी नको. मास्तरांनी एकदा त्यांचा हात मागितला, तेव्हा दादांनी तो खिशात घातला.

मास्तरांचं बॉनेट आम्ही शनिवारी घासून लख्ख केलं होतं आणि वर डिझेलचा हात फिरवला होता. अशा पत्र्याला उघडा हात लावायचा नसतो. डिझेल पुसलं जातं, हाताचा घाम लागतो आणि तिथे गंज धरतो. सोमवारी येऊन बघतो तर बॉनेटच्या मधोमध गंजाचा अख्खा पंजा. कोणीतरी सगळा भार टाकून हात टेकला होता. बोटं, तळहात, सगळं तपकिरी. हातावरच्या रेषा तेवढ्या पत्र्याला टेकल्या नव्हत्या, म्हणून त्या चकचकीत राहिल्या होत्या.

दादा भडकले. हात कोणी लावला म्हणून अन्वरला विचारलं, मला विचारलं. पंजाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. गॅरेजमध्ये तसा अंगठा एकाच माणसाला होता, कारखान्यात असताना त्याच्यावर हातोडा बसला होता. अन्वरने पंजाकडे बघितलं, दादांच्या हाताकडे बघितलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला. मीही रंगाचे डबे आवरायला घेतले.

तेवढ्यात मास्तर आले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा लावला, बॉनेटवर वाकले आणि वाचायलाच लागले. माणूस तापट आहे, मनाने सरळ आहे, नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी काढलेलं दिसतंय.

"ह्याला काही अर्थ नाही, मास्तर," दादा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "आयुष्याचं काय दिसतं?"

मास्तरांनी हवेतूनच रेषेवर बोट फिरवलं. "उत्तम आहे. मनगटापर्यंत आलीय. चांगला म्हातारा होईल हा माणूस."

मास्तर गेल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन बॉनेटपाशी गेलो, तर दादा म्हणाले, राहू दे, आधी दरवाजे कर. दिवसभर हवा दमट होती. संध्याकाळी ते स्वतःच बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. मी मागून बघितलं. गंज पसरत होता, आणि आयुष्याच्या रेषेचं खालचं टोक बुजायला लागलं होतं.

गंजावर प्रायमर मारला की काही महिन्यांत फुगून वर येतो. माझ्याआधीच्या पेंटरला दादांनी एवढ्यावरूनच काढून टाकलं होतं.

"सुऱ्या," ते म्हणाले, "प्रायमर घे."

"घासून?"

"घासू नको. असाच मार. आत्ता."